बोटाची कड

गिटार माझी नाही.
वरच्या खोलीतला भाडेकरू, निशिकांत डोंगरदिवे,
तीन महिन्यांचं भाडं थकवून गेला तेव्हा
कपाटामागे सोडून गेला ही, आणि एक इस्त्री.
इस्त्री तापत नाही.
गिटारला निदान पाच तारा होत्या.

सहावी बसवून दिली मरोळ गावठाणातल्या हिलरी किणींनी.
लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेला माणूस.
आणलीस तर शीक, म्हणाले.
आधी नखं कापायला लावली, डाव्या हाताची फक्त.
उजव्या हाताची राहू दे, एका हाताला तरी हौस हवी.

सी आला. ए मायनर आला.
जीला करंगळी रुसली, दोन आठवड्यांनी तीही आली.
मग एफ.

एफमध्ये तर्जनी आडवी निजवायची
सहाच्या सहा तारांवर, पहिल्या पडद्याला खेटून,
आणि उरलेल्या तिघींनी पुढे आपापली कामं करायची
जणू घरात कुणी आडवं पडलेलंच नाही.
मी छेडते:
ठप्प. ठप्प. टण. घर्रर्र. ठप्प. ठप्प.
अंगठा मागून दाबते, दातावर दात दाबते,
खालच्या चित्रेवहिनी टीव्हीचा आवाज वाढवतात.

जोर नको गो, किणी म्हणतात, कडेन धर.
कड म्हणजे कुठली ते सांगत नाहीत.
स्वतःचं बोट दाखवतात.
ते बोट कुठे, जुनी खुंटी आहे ती,
तिला सगळ्याच बाजूंनी कड.

तशी मी दिवसभर बोटांचंच काम करते.
मरोळ नाक्याची लॅब, सकाळी सात ते तीन.
अनामिका पुढे करा. स्पिरिट. टच्. थेंब. कापूस.
पुढचा.
एकोणीस वर्षांत किती बोटं धरली,
भांडी घासणाऱ्या बायकांची,
सीप्झमध्ये हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या पोरांची,
सुईआधीच डोळे मिटणाऱ्या हवालदारांची.
आता माझ्याच बोटांना टाचा आल्यात.
हजेरीचं मशीन माझी डावी तर्जनी ओळखत नाही,
म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
घरी एफही तेच म्हणतो.

परवा एक जण आला, उपाशीपोटी, साखर तपासायला.
बोटांची टोकं अशी की सुई वाकावी.
मी विचारलं, किती वर्षं वाजवताय?
काय?
गिटार.
नाही ताई. चाव्या बनवतो. कानस मारतो दिवसभर.

मधोमध टोचलं, रक्त येईना.
मग न ठरवता, हाताच्या सवयीने,
मी त्याचं बोट जरासं वळवलं,
नखाच्या बाजूला, जिथली कातडी
कानशीला अजून सापडली नव्हती,
आणि तिथे टोचलं.
थेंब आला. त्याला कळलंही नाही.
नव्या मुलींना मीच तर शिकवते,
मध्ये नाही गं, कडेला. तिथे कमी दुखतं.

कापूस धरून मी तशीच उभी.
पुढचा, म्हणायचं राहून गेलं.
रांगेत कुणीतरी खोकलं.

रात्री कुकर लावला आणि बसले.
तर्जनी जराशी कुशीवर वळवली,
अंगठ्याकडे, हाडाच्या बाजूला,
झोपेत वळतो आपण तितकीच.
सहावी बोलली.
पाचवी, चौथी, तिसरी.
दुसरी ठप्प. सांध्याची घडी नेमकी तिच्यावरच येते,
तिथे बोट पोकळ आहे माझं, काय करू.
पहिली मात्र वाजली, लांबून,
पलीकडच्या इमारतीत कुणी चमचा ठेवावा तशी.
चार शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही.
भाताचा गिच्चा.

काल निशिकांतचा मेसेज आला,
काकू, माझं सामान आहे का अजून?
रविवारी येऊ का न्यायला?

बराच वेळ बघत बसले.
मग लिहिलं,
ये की. इस्त्री आहे.